फायर डोअरचा जीव कडी-बिजागरीत

आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचा जिन्याचा दरवाजा रात्री-अपरात्री धाडकन आपटायचा. त्या मजल्यावरच्या एका आजोबांची झोप मोडायची. त्यांनी तीनदा तक्रार केल्यावर कमिटीने किरकोळ दुरुस्तीची कामं करणाऱ्या मुलाला सांगितलं, ‘बघ रे जरा.’ त्याने दरवाजाच्या वरच्या बाजूला असलेल्या क्लोजरचा दांडा स्क्रू काढून मोकळा करून टाकला. आपटणं थांबलं. आजोबाही खूश, कमिटीही खूश.

पुढे पाचव्या मजल्यावरच्या दरवाजाचं हँडल तुटलं. नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून नवं लॉक आलं. जुन्या खाचेत ते बसेना, म्हणून खाच मोठी केली, उरलेल्या फटीत लांबी भरली आणि वरून रंग मारला. अकराव्या मजल्यावर कुणीतरी येण्या-जाण्याच्या सोयीसाठी दरवाजाखाली विटेचा तुकडा सरकवून ठेवला. या तिघांपैकी कुणाचाही हेतू वाईट नव्हता. घरातला एखादा दरवाजा बिघडला तर आपण जे करतो, तेच त्यांनी केलं.

पण हे तिन्ही दरवाजे फायर डोअर होते. इमारतीत आग लागली तर ती आणि तिचा धूर जिन्यात शिरू नये, निदान माणसं खाली उतरेपर्यंत तरी शिरू नये, एवढ्याच एका कामासाठी ते बसवलेले होते. तीन छोट्या दुरुस्त्यांनंतर त्यातला एकही त्या कामाचा उरला नव्हता.

फायर डोअर म्हणजे जाड, जड, लवकर न जळणारी झडप, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव जसा दूर पिंजऱ्यातल्या पोपटात असतो, तसा या अवजड दरवाजाचा जीव त्याच्या बिजागरीत, क्लोजरमध्ये, लॅचमध्ये आणि चौकटीच्या खाचेत लपलेल्या एका बारीक पट्टीत असतो. नेमके हेच भाग आपण सर्वात सहज बदलतो, आणि तेही डिझाइन किंवा किंमत बघून.

आगीच्या आधी धूर पोचतो

दरवाजाला इतकं महत्त्व कशाला, असं वाटत असेल तर न्यूयॉर्कमधल्या एका दुर्घटनेकडे बघू. ९ जानेवारी २०२२, रविवारची सकाळ. ब्राँक्स भागातली ‘ट्विन पार्क्स नॉर्थ वेस्ट’ ही १९ मजली इमारत. कडाक्याची थंडी होती आणि खालच्या मजल्यांवरच्या एका फ्लॅटमध्ये विजेवरच्या हीटरमुळे आग लागली. घरातली माणसं बाहेर पळाली. त्या फ्लॅटचा दरवाजा त्यांच्यामागे आपोआप बंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. ज्वाळा तो फ्लॅट आणि बाहेरच्या मार्गिकेच्या फारशा पुढे गेल्या नाहीत. धूर मात्र जिन्यात शिरला. वर १५व्या मजल्यावरचा जिन्याचा दरवाजाही उघडा होता. १७ जणांचा जीव गेला, त्यात ८ मुलं होती. यातले बहुतेक जण आगीपासून कितीतरी मजले दूर होते. त्यांना धुराने गाठलं.

त्याआधी १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमधल्या आगीत ७२ जण गेले. ती आग इमारतीच्या बाहेरून लावलेल्या ज्वालाग्राही आवरणामुळे भडकली, हे आता सर्वांना माहीत आहे. पण चौकशीच्या पहिल्या अहवालात फ्लॅटच्या दरवाजांबद्दलही लिहिलेलं आहे. अनेक दरवाजांचे क्लोजर मोडलेले होते, काहींची जोडणी काढून टाकलेली होती, तर काहींना क्लोजरच नव्हते. माणसं बाहेर पळाली तेव्हा दरवाजे मागे उघडेच राहिले आणि धूर लॉबीत, तिथून जिन्यात गेला.

धूर इतका घातक का असतो? जळताना पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्टपणे त्याला धरून ठेवतं. त्यामुळे श्वास चालू असतो, पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन पोचत नाही. हवेतलं त्याचं प्रमाण एक टक्क्याच्या पुढे गेलं तर काही श्वासांतच शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत मृत्यू येतो. सोफ्यातला फोम, गाद्या, नायलॉनचे पडदे जळाले की त्यात हायड्रोजन सायनाइडचीही भर पडते. शिवाय काळ्या धुरात हात पुढे केला तरी दिसत नाही आणि डोळ्यांची आग होते. ओळखीचा जिनाही मग सापडत नाही.

गरम धूर हलका असतो, त्यामुळे त्याला वर जायची वाट हवी असते. उंच इमारतीचा जिना त्याच्यासाठी धुराड्यासारखा असतो. कोलकात्याच्या आम्री रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे तळघरात आग लागली आणि धूर वरच्या वॉर्डांपर्यंत चढला. ९० हून अधिक जण दगावले. त्यातले बहुतेक गुदमरून गेले, भाजून नव्हे.

‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण आपण गमतीने वापरतो. शहरातल्या गर्दीत, सोसायटीच्या फाटकापाशी लागलेल्या गाड्यांच्या रांगेत ती कित्येकदा शब्दशः खरी ठरते. बंब येईपर्यंतचा आणि माणसं उतरेपर्यंतचा वेळ मिळवून देणं, हे फायर डोअरचं काम आहे. त्याची किंमत मिनिटांत मोजतात.

भट्टीतली परीक्षा

फायर डोअरवर ३०, ६०, १२० मिनिटं असा आकडा असतो. तो येतो भट्टीतल्या चाचणीतून. भिंतीत बसवलेला संपूर्ण दरवाजा भट्टीच्या तोंडाशी लावतात आणि ठरावीक गतीने तापमान वाढवतात. पाचव्या मिनिटाला भट्टी ५७६ अंश सेल्सिअसवर असते, दहाव्या मिनिटाला ६७८, अर्ध्या तासाला ८४२, तासाभराने ९४५ आणि दोन तासांनी १०४९ अंशांवर. दुसऱ्या बाजूने ज्वाळा किंवा तप्त वायू बाहेर पडायला लागले की घड्याळ थांबवतात. काही प्रकारांत दुसऱ्या बाजूचा पृष्ठभाग किती तापला, हेही मोजतात.

यातला ‘संपूर्ण दरवाजा’ हा शब्द महत्त्वाचा. चाचणीला झडप एकटी जात नाही. चौकट, बिजागऱ्या, लॉक, हँडल, क्लोजर, काच असेल तर काच, फटींतल्या पट्ट्या आणि स्क्रूसुद्धा तिच्यासोबत असतात. परीक्षेला हा सगळा संघ बसतो आणि प्रमाणपत्रही संघालाच मिळतं. कोणते भाग वापरले, त्यांची यादी चाचणीच्या अहवालात असते. त्यातला एक खेळाडू आपण परस्पर बदलला, तर ‘१२० मिनिटं’ हा आकडा दरवाजावर लिहिलेला राहतो, पण त्याला आधार उरत नाही. बदलायचंच असेल तर त्याच जातीच्या दरवाजावर तपासलेला, उत्पादकाला मान्य असलेला भागच बसवायला हवा. फायर डोअरच्या हार्डवेअरची निवड याच अर्थाने ‘जुळणारी’ असावी लागते.

यामागचं विज्ञान शाळेत शिकलेल्या द्रवणांकाचंच आहे. जस्त ४१९ अंशांना वितळतं, ॲल्युमिनियम ६६० अंशांना, पितळ साधारण ९०० अंशांच्या पुढेमागे आणि पोलाद १४०० अंशांच्या वर. आता भट्टीचे आकडे पुन्हा बघा. दहाव्या मिनिटालाच तापमान ॲल्युमिनियमच्या द्रवणांकापलीकडे गेलेलं असतं. बाजारातली अनेक चकचकीत हँडलं आणि स्वस्त लॉकचे आतले भाग जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, वर स्टीलसारखा मुलामा असतो. हातात घेतल्यावर फरक कळत नाही. आगीकडच्या बाजूचं हँडल वितळून गळून पडलं तरी एक वेळ चालेल. पण लॅच आणि तिला जागेवर धरणारी आतली यंत्रणा वितळली, तर दरवाजा धरून ठेवणारं काहीच राहत नाही.

वजन पेलणारी बिजागरी

एक मीटर रुंदीची फायर डोअरची झडप साठ-ऐंशी किलोचीही असू शकते. नेहमीच्या सात फुटी दरवाजाला किमान तीन बिजागऱ्या लागतात, जड असेल तर चार. नक्की किती आणि कुठे, हे चाचणीचा अहवाल सांगतो. त्या पोलादी किंवा स्टेनलेस स्टीलच्या, त्या वजनासाठी आणि आगीसाठी तपासलेल्या असाव्यात. सर्वात जास्त ताण वरच्या बिजागरीवर येतो. ती ढिली झाली की झडप खाली बसते, टोक लादीला घासतं आणि वरच्या कोपऱ्यातली फट वाढते. धूर सर्वात आधी छतापाशी साचतो, त्यामुळे त्याला हीच फट मिळते.

बिजागरीइतकेच स्क्रूही महत्त्वाचे. सहा भोकांपैकी चारच भोकांत स्क्रू, तेही आखूड, हे दृश्य आपल्याकडे नेहमीचं आहे. ‘दोन नाही लागले तरी दार काही पडत नाही,’ असं सुतार सांगतो. रोजच्या वापरात ते खरंही असतं. तापून वाकायला लागलेल्या दरवाजाला मात्र ते दोन स्क्रू लागतात. लाकडी फायर डोअरला बिजागरीच्या पात्याखाली आणि लॉकभोवती उष्णतेने फुगणाऱ्या द्रव्याचा पातळ थर घालावा लागतो. धातू उष्णता आत नेतो आणि खाच पाडलेल्या जागी लाकूड आधीच कमी झालेलं असतं, म्हणून हा थर. दुरुस्तीत जुनं लॉक काढताना तो ‘कचरा’ समजून फेकून दिला जातो.

क्लोजरची ताकद आणि दोन स्क्रू

उघडा फायर डोअर कितीही महागडा असला तरी भिंतीला पडलेल्या भोकासारखाच असतो. म्हणून या सगळ्या सुट्या भागांत मी क्लोजरला सर्वात वरचं स्थान देईन. दरवाजाची रुंदी आणि वजन बघून तो निवडावा लागतो. युरोपीय मानकात क्लोजरच्या शक्तीचे १ ते ७ असे आकार आहेत आणि फायर डोअरला ३ पेक्षा कमी आकार चालत नाही. आकार ३ हा ९५० मिलिमीटर रुंद आणि ६० किलोपर्यंतच्या झडपेसाठी, ४ हा ११०० मिलिमीटर आणि ८० किलोंसाठी, ५ हा १२५० मिलिमीटर आणि १०० किलोंसाठी. कार्यालयाच्या हलक्या काचेच्या दारासाठी घेतलेला क्लोजर जिन्याच्या जड दरवाजाला लावला, तर दरवाजा चौकटीपर्यंत येतो आणि बोटभर अंतरावर थांबतो. लांबून तो बंद दिसतो, पण लॅच लागलेली नसते.

उलट क्लोजर फार कडक असेल तरी गोची होते. आजी-आजोबांना, लहान मुलांना, हातात पिशव्या असलेल्यांना दरवाजा उघडेना झाला की तिथे वीट आलीच म्हणून समजा. जुळणारं हार्डवेअर म्हणजे दरवाजाशी जुळणारं आणि तो वापरणाऱ्या माणसांशीही जुळणारं. त्यासाठी ताकद कमी-जास्त करता येणारा क्लोजर घेतलेला बरा.

बहुतेक हायड्रॉलिक क्लोजरना गती ठरवणारे दोन बारीक स्क्रू असतात. एकाने दरवाजा मिटण्याची एकूण गती बदलते, दुसऱ्याने शेवटच्या काही अंशांतली, म्हणजे लॅच लागतानाची गती. दरवाजा आपटतो किंवा अर्धवट राहतो, तेव्हा बहुधा यातला एखादा स्क्रू थोडासा फिरवायची गरज असते. क्लोजरमधून तेल गळायला लागलं असेल तर मात्र तो बदलावाच लागतो.

दुकानात ‘नव्वद अंशांवर थांबणारा’ क्लोजरही मिळतो. दरवाजा पूर्ण उघडला की तो तसाच उघडा राहतो. घरात, कार्यालयात हे सोयीचं असतं, पण फायर डोअरला असा क्लोजर लावू नये. रुग्णालयात स्ट्रेचर सतत ये-जा करतात, तिथे दरवाजे उघडे ठेवायची खरी गरज असते. त्यासाठी विद्युतचुंबकाची सोय आहे. चुंबक दरवाजा उघडा धरून ठेवतो, आगीची सूचना देणारी घंटा वाजताच किंवा वीज जाताच तो सुटतो आणि क्लोजर दरवाजा मिटवतो. विटेला आणि लाकडी पाचरीला घंटा ऐकू येत नाही.

लॅच, हँडल आणि पॅनिक बार

आगीत खोलीतली हवा तापून प्रसरण पावते आणि दरवाजाला ढकलते. तापलेली झडपही वाकायला बघते. अशा वेळी नुसता क्लोजर तिला धरून ठेवेलच असं नाही. जिथे लॅचसह चाचणी झालेली आहे, तिथे लॅचची पोलादी जीभ चौकटीत नीट घुसलेली असणं आवश्यक आहे. चुंबकी कॅचर किंवा गोळीचा कॅचर कपाटाला ठीक आहे, इथे नाही. लॅच आत जात नाही म्हणून चौकटीवरची पट्टी काढून टाकणं किंवा जिभेवर चिकटपट्टी लावणं, हेही प्रकार मी पाहिले आहेत.

सुटकेच्या दरवाजावर दोन परस्परविरोधी कामांची जबाबदारी असते. आगीकडून येणाऱ्या धुराला तो बंद हवा आणि पळणाऱ्या माणसाला तो किल्लीशिवाय, विचार न करता, एका धक्क्यात उघडायला हवा. म्हणून पॅनिक बार असतो, म्हणजे आडवी दांडी. अंग टेकलं तरी लॅच सुटते. इथे खरेदी करताना एक बारकावा हमखास निसटतो. साध्या पॅनिक बारमध्ये दांडी दाबलेल्या अवस्थेत अडकवून ठेवायची सोय असते, म्हणजे दिवसभर दरवाजा नुसता ढकलून उघडता येतो. फायर डोअरसाठी बनवलेल्या बारमध्ये ही सोय मुद्दाम ठेवलेली नसते, कारण दांडी अडकवली की लॅच लागत नाही. दोन्ही बार दिसायला सारखेच असतात. म्हणून बिलावर नुसतं ‘पॅनिक बार’ लिहून चालत नाही, तो आगीसाठी तपासलेला आहे हे त्यावर कोरलेल्या खुणेवरून आणि कागदावरून बघून घ्यावं लागतं.

चोरीच्या भीतीने जिन्याच्या दरवाजाला अल्ड्रॉप, टॉवर बोल्ट, साखळी किंवा टाळं लावणं हा तर जिवाशी खेळ आहे. सुरक्षेची काळजी रास्त आहे. त्यासाठी बाहेरून किल्लीने आणि आतून नुसत्या दांडीने उघडणारी व्यवस्था मिळते. इलेक्ट्रॉनिक कुलूप बसवायचं असेल तर विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा. वीज गेली तर आतला माणूस अडकेल का? आणि वीज गेली तर लॅच सुटून दरवाजा सैल पडेल का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असलं पाहिजे.

दोन झडपांच्या दरवाजात आणखी एक भाग लागतो, तो म्हणजे कोऑर्डिनेटर. अशा दरवाजात एका झडपेची कड दुसरीवर येते, त्यामुळे कोणती आधी मिटायची हे ठरलेलं असतं. क्रम चुकला तर दुसरी झडप पहिलीवर अडकून मध्ये हातभर फट राहते. कोऑर्डिनेटर हा क्रम पाळतो. तो मोडला की तो काढून फेकला जातो, कारण त्याचं काम काय हे कुणाला ठाऊकच नसतं.

तीन मिलिमीटरची फट

झडप आणि चौकट यांच्यात वरच्या व बाजूच्या कडांना साधारण ३ मिलिमीटर फट अपेक्षित असते. घरच्या घरी मोजायची तर एटीएम कार्ड सुमारे पाऊण मिलिमीटर जाडीचं असतं. उठावाची अक्षरं नसलेली चार कार्डं एकावर एक ठेवून फटीत जेमतेम सरकली, तर फट ठीक आहे. सहा कार्डं आरामात जात असतील तर दरवाजा बसला आहे, बिजागऱ्या बघायला हव्यात.

या फटीत दोन वेगळ्या पट्ट्यांची कामं असतात. एक उष्णतेने फुगणारी. साधारण २०० अंशांच्या आसपास ती कित्येक पटींनी फुगते आणि फट बुजवून टाकते. पण आगीच्या सुरुवातीला किंवा आगीपासून दूरच्या मजल्यांवर पोचणारा धूर इतका गरम नसतोच. त्याच्यासाठी दुसरी पट्टी लागते, ब्रशसारखी किंवा रबराच्या ओठासारखी, जी थंड धूरही अडवते. काही पट्ट्यांत दोन्ही सोयी एकत्र असतात. इमारत रंगवताना ब्रशवर ऑइलपेंटचा हात फिरला की तो कडक होतो आणि धूर अडवायचं काम संपतं. रंगाऱ्याला आधी सांगून त्या पट्टीवर चिकटपट्टी लावून घेणं, एवढाच यावरचा उपाय.

खरेदी करताना आणि घरात

खोक्यावर ‘फायर रेटेड’ असं लिहिलेलं असणं पुरेसं नाही. ते लॉक कोणत्या दरवाजावर, किती मिनिटं तपासलं गेलं? पोलादी दरवाजावर दोन तास टिकलेलं लॉक लाकडी दरवाजात बसवलं, तर त्याच्या खाचेभोवतीचं लाकूड आधी जळून जाऊ शकतं. दोन्ही वस्तू चांगल्या, पण जोडी चुकीची. म्हणून सोसायटीने आधी आपल्या दरवाजाचा चाचणी अहवाल बिल्डरकडून किंवा उत्पादकाकडून मागवावा. प्रत्येक दरवाजाच्या कडेला बिजागरीच्या बाजूने धातूची पट्टी किंवा लेबल असतं, त्यावर उत्पादक आणि मिनिटं लिहिलेली असतात. रंगकामात ते झाकलं गेलं असेल तर हळूच खरवडून बघा. हार्डवेअर बदलताना अहवालातल्या यादीशी ताडून पाहा आणि यादीबाहेरची वस्तू असेल तर उत्पादकाचं लेखी उत्तर घ्या. झडपेला नवं भोक पाडायचं असेल तर ते विचारल्याशिवाय पाडू नका.

राज्यात ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ लागू आहे. त्यानुसार इमारतीतली अग्निसुरक्षेची व्यवस्था चालू स्थितीत ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे आणि परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये ‘नमुना ब’ प्रमाणपत्र द्यावं लागतं. या तपासणीत पंप, हायड्रंट, सिलिंडर आवर्जून बघितले जातात. दरवाजांची यादीही त्यात समाविष्ट करून मागा आणि तपासणीस आलेल्या माणसाबरोबर कमिटीतल्या कुणीतरी प्रत्येक मजल्यावर फिरा.

आपल्या फ्लॅटचा मुख्य दरवाजाही यातून सुटत नाही. मुंबईत उंच इमारतींना अग्निशमन दलाकडून मिळणाऱ्या ना हरकत दाखल्यात फ्लॅटचा दरवाजा भरीव, तासभर आग थोपवणारा असावा, अशी अट असते. नवा फ्लॅट घेतला की इंटिरियरच्या कामात पहिला बळी बहुधा त्याच दरवाजाचा जातो. जागी येतो नक्षीदार पण पोकळ दरवाजा, नाहीतर जुन्याच दरवाजाला डिजिटल लॉकसाठी मोठं भोक पडतं. डिजिटल लॉक बसवू नये असं नाही. आगीसाठी तपासलेली, आतून हाताने नुसतं हँडल फिरवून उघडणारी लॉकही मिळतात, तीच घ्यावीत. आणि घरात आग लागलीच तर बाहेर पडताना दरवाजा मागे ओढून घ्यायचा, हे घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, आजच सांगून ठेवावं.

जिन्याच्या दरवाजाची तपासणी दोन मिनिटांत होते. दरवाजा पूर्ण उघडून सोडा. मग फक्त वीतभर उघडून सोडा. दोन्ही वेळा तो स्वतःहून मिटून लॅच लागल्याचा ‘खट्’ असा आवाज आला पाहिजे. मग वरपासून खालपर्यंत नजर टाका: सगळे स्क्रू आहेत का, क्लोजरखाली तेलाचा ओघळ आहे का, पट्ट्या जागेवर आहेत का, कुठे नवं भोक दिसतं का, आणि खाली वीट, बादली, झाडाची कुंडी नाही ना.

आमच्या सोसायटीने शेवटी उत्पादकाच्या माणसाला बोलावलं. पाचव्या मजल्यावरचा दरवाजा बघून त्याने मान हलवली. ती झडप दुरुस्त होण्यापलीकडे गेली होती, बदलावी लागली. त्या खर्चावरून सर्वसाधारण सभेत तासभर वादही झाला. अकराव्या मजल्यावरची वीट गेली आणि ‘दरवाजा बंद ठेवा’ या पाटीच्या खाली ‘का’ तेही मराठीत लिहून लावलं.

दुसऱ्या मजल्यावर त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. क्लोजरचा दांडा परत जोडला, खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला आणि लॅचच्या गतीचा स्क्रू अगदी थोडा फिरवला. दरवाजा संथपणे आला आणि ‘खट्’ करून लागला. आजोबा दारात उभे राहून बघत होते. ‘एवढंच होतं होय?’ ते म्हणाले.